पाण्याचे तीन चमचे : अग्निशमन विमानाची प्रतिकृती घडविताना

विज्ञान प्रयोगशाळेच्या दाराशेजारील काचेच्या कपाटात एक पिवळे-तांबडे विमान शाळेला भेट देणाऱ्या पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी पाहिले असेल. खाली जळते रान आणि वर एका पितळी सळीवर तोललेले हे विमान पाहून बहुतेकजण एकच प्रश्न विचारतात : हे लढाऊ विमान आहे काय? पोटातून काहीतरी खाली पडत असल्यामुळे ही शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु जे पडत आहे ते पाणी आहे. कॅनडात घडलेल्या 'सीएल-४१५' या अग्निशमन विमानाची ती प्रतिकृती होय. छंदवर्गातील आम्ही दोघे शिक्षक आणि आठवी-नववीचे अकरा विद्यार्थी यांनी जून २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात, शनिवारच्या दुपारी आणि सायंकाळच्या अभ्यासतासानंतर वॉर्डनसाहेबांनी मोठ्या मनाने दिलेल्या अर्ध्या-पाऊण तासात ती तयार केली. ती कशी केली आणि करताना काय शिकलो, हे या लेखात मांडत आहोत. ज्यांना घरी असे काही करून पाहावयाचे असेल त्यांना यातील काही सूचना उपयोगी पडतील. बाकीच्यांना निदान कपाटासमोर थांबण्याचे एक कारण मिळेल.

प्रथम मूळ विमानाविषयी. वणव्यावर आकाशातून पाणी टाकण्याची कल्पना जुनी असली तरी ती प्रत्यक्षात आणणे फार अवघड गेले. नुसत्या पिशव्या किंवा पिंपे खाली टाकून आग विझत नाही. पाणी सुटे होऊन, विशिष्ट रुंदीच्या पट्ट्यात, योग्य दाटीने पडावे लागते. कॅलिफोर्नियातील विलोज या गावी १९५५ साली शेतीच्या फवारणीसाठी वापरल्या जाणाऱ्या एका दुपंखी स्टीअरमन विमानाच्या टाकीला खालून झडप बसविण्यात आली आणि त्या विमानाने वणव्यावर पाणी टाकले. पुढील काळात युद्धातून निवृत्त झालेली अनेक विमाने अशीच बदलून वापरली गेली. मात्र मुळापासून याच कामासाठी आखलेले पहिले विमान म्हणजे मॉन्ट्रियलच्या कॅनडेअर कंपनीचे 'सीएल-२१५'. त्याचे पहिले उड्डाण २३ ऑक्टोबर १९६७ रोजी झाले. क्युबेक प्रांत आणि फ्रान्स हे त्याचे पहिले ग्राहक. अशी १२५ विमाने बांधली गेली. त्याचाच सुधारलेला धाकटा भाऊ 'सीएल-४१५' ६ डिसेंबर १९९३ रोजी प्रथम उडाला. थोरल्याला जुन्या पद्धतीची पिस्टन इंजिने व तीन पात्यांचे पंखे, तर धाकट्याला टर्बोप्रॉप इंजिने व चार पात्यांचे पंखे. थोरल्याच्या पोटाला दोन दारे, धाकट्याच्या पोटाला चार. हा दारांचा फरक वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्यावरून आमच्या वर्गात मोठा वाद झाला.

फ्रान्समध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्या एका माजी विद्यार्थ्याने सुटीत येताना या विमानाचा प्लास्टिकचा संच आणला आणि "मुलांना द्या" एवढेच म्हणून तो आमच्या हाती ठेवला. खोक्यावर १/७२ हा अपूर्णांक छापलेला होता. आमचा पहिला पाठ या अपूर्णांकापासूनच सुरू झाला.

बहात्तरच का, शंभर का नाही, असे एका मुलाने विचारले. याचे उत्तर इंग्रजी मापांत आहे. सहा फूट म्हणजे बहात्तर इंच; म्हणून सहा फुटी माणूस या प्रमाणात बरोबर एक इंचाचा होतो. ब्रिटनमध्ये १९३२ साली 'स्कायबर्ड्स' या नावाने लाकूड व धातूचे संच या मापात निघाले, आणि १९३६ साली 'फ्रॉग पेंग्विन' मालिकेने प्लास्टिकचे संच आणले. तेव्हापासून विमानांच्या प्रतिकृतींत हे माप रूढ झाले. यासंबंधी शाळांशी निगडित एक हकीकत आम्हांला फार आवडली. १९४२ साली अमेरिकी नौदलाने देशातील शाळांना आवाहन केले की, सैनिकांना आपली व शत्रूची विमाने ओळखण्याचे शिक्षण देण्यासाठी पाच लाख प्रतिकृती हव्या आहेत, त्या विद्यार्थ्यांनी लाकडातून कोरून द्याव्यात. मापही १/७२ च. पस्तीस फुटांवर धरलेली अशी प्रतिकृती अर्ध्या मैलावरील खऱ्या विमानाएवढी दिसते. पस्तीस गुणिले बहात्तर करून पाहावे, पटते. म्हणजे प्रतिकृती हे काही केवळ शोभेचे खेळणे नव्हे. माप बरोबर असेल तर तिच्याकडून खरी माहिती मिळते, आणि माप चुकले तर ती निर्धास्तपणे खोटे सांगते.

या मापाचा हिशोब आम्ही फळ्यावर केला. सीएल-४१५ च्या पंखांचा विस्तार २८.६ मीटर, म्हणजे प्रतिकृतीत सुमारे ३९.७ सेंटिमीटर. लांबी १९.८ मीटर, म्हणजे २७.५ सेंटिमीटर. येथपर्यंत सर्वांचे उत्तर आले. मग आम्ही विचारले, खऱ्या विमानाच्या टाक्यांत ६,१३७ लिटर पाणी मावते, तर आपल्या विमानात किती मावले पाहिजे? बहुतेकांनी ६,१३७ ला ७२ ने भागले आणि ८५ लिटर असे उत्तर लिहिले. वसतिगृहातील आंघोळीच्या सहा बादल्या! हाताएवढ्या विमानात एवढे पाणी कोठे ठेवणार, असे विचारताच वर्गात हशा पिकला आणि मग शांतता पसरली. लांबी बहात्तर पटीने घटते, पृष्ठफळ बहात्तर गुणिले बहात्तर म्हणजे ५,१८४ पटीने, आणि घनफळ ३,७३,२४८ पटीने. त्याप्रमाणे उत्तर येते साडेसोळा मिलिलिटरच्या आत. चहाचे तीन चमचे आणि वर काही थेंब. भोजनगृहातून चमचा मागवून एका मुलीने ते पाणी बाटलीच्या झाकणात मोजून ठेवले. घनफळाचा हा नियम पाठ्यपुस्तकातही आहे, आम्ही तो दरवर्षी शिकवितोही. पण त्या झाकणातील पाण्याने तो जसा शिकविला तसा आम्हांला कधी शिकविता आला नव्हता, हे मान्य करावयास हवे.

पाणी भरण्याची रीत याहून विलक्षण आहे. हे विमान पाणी घेण्यासाठी थांबत नाही. तलावाच्या किंवा समुद्राच्या पृष्ठभागावर तळ टेकवून ते धावत राहते, पोटाखाली तळहाताएवढ्या दोन चोची बाहेर येतात, आणि विमानाच्या वेगानेच पाणी आत रेटले जाते. तेथे पंप नसतो. बारा सेकंदांत टाक्या भरतात आणि तेवढ्या वेळात विमान पाण्यावर सुमारे ४१० मीटर धावते. सेकंदाला पाचशेहून अधिक लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या चौतीस बादल्या. पहाटे नळाखाली एक बादली भरण्याची वाट पाहत रांगेत उभे राहिलेल्या मुलांना हा आकडा समजावून सांगावा लागला नाही. आमच्या मापात ४१० मीटर म्हणजे ५.७ मीटर, वर्गाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंतचे अंतर जवळजवळ तेवढेच निघाले. मग एकाने रिकामे धड हातात धरून बारा आकडे मोजत ती वाट चालून दाखविली. केवढी संथ चाल! मूळ वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या घरात असूनही.

विमानाचा आकार असा का आहे, हे वाचून जेवढे कळते त्यापेक्षा सुटे भाग जोडताना अधिक कळते. प्लास्टिकच्या चौकटीतून, ज्याला स्प्रू म्हणतात, एकेक भाग कापून काढताना प्रत्येक भागाला "तू येथे कशासाठी?" असे विचारण्याची सवय आम्ही मुलांना लावली. तळ होडीसारखा आणि त्याच्या मध्यावर एक पायरी; कारण पाणी गुळगुळीत तळाला चिकटून बसते, पायरीपाशी ते सुटते आणि विमान उठू शकते. पंख धडाच्या माथ्यावर आणि इंजिने पंखावर. कारण पाण्याचे तुषार पंख्यांपासून दूर राहावेत. पंख सरळ, मुळापासून टोकापर्यंत जवळपास एकाच रुंदीचा, एखाद्या फळीसारखा. दिसायला तो अनाकर्षक आहे हे खरे. पण या विमानाला वेगाची स्पर्धा करावयाची नसून मंद गतीत स्थिर राहावयाचे आहे. पंखांच्या टोकांजवळ खाली लोंबणारे दोन तरंगक; पाण्यावर कलंडू नये म्हणून. मोठी चाके वर घेतली तरी धडाच्या बगलेला उघडीच दिसतात, कारण पोटात जागा पाण्याने घेतलेली आहे. संचातील सूचनापत्रिका हे काहीच सांगत नाही. ती फक्त क्रमांक देते.

जोडणीच्या तंत्राविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण नवशिक्यांचा उत्साह येथेच मावळतो. भाग हाताने पिळून तोडू नयेत. बारीक कटरने चौकटीपासून थोडे अंतर ठेवून कापावेत आणि उरलेला खुंट बारीक पॉलिश पेपरने घासावा. चिकटविण्यापूर्वी प्रत्येक जोड कोरडा जुळवून पाहावा. या प्लास्टिकसाठी मिळणारा पातळ गोंद हा खरे तर गोंद नव्हेच. तो दोन्ही कडा किंचित विरघळवितो आणि त्या एकमेकींत मिसळून एकजीव होतात. त्यामुळे तो ब्रशच्या टोकाने, थेंबाहूनही कमी लावावा. अधिक लावला तर बोटांचे ठसे प्लास्टिकवर कायमचे उमटतात. आमच्या विमानाच्या उजव्या बगलेला, चाकाच्या मागे, असा एक ठसा आजही आहे. तो कोणाचा हे सर्वांना माहीत आहे, येथे लिहीत नाही.

एक चूक मात्र नावानिशी सांगावयास हवी, कारण ती विद्यार्थ्यांची नसून आमची होती. वैमानिक कक्षाची पारदर्शक काच बसविताना घाईने आम्ही झटपट चिकटणारा सुपरग्लू वापरला. रात्रभरात त्याच्या वाफेने काच आतून पांढुरकी झाली, जणू मोतीबिंदू. मुलांनी आत बसविलेले दोन वैमानिक, स्प्रूच्या तुकड्यांतून कोरून रंगविलेले, दिसेनासे झाले. एकाही मुलाने आम्हांला दोष दिला नाही, आणि त्यामुळे ते अधिकच लागले. काच हलकेच उचकटून, टूथपेस्ट लावलेल्या मऊ कापडाने दोन संध्याकाळ घासल्यावर ती पुष्कळशी निवळली. नंतर ती साध्या फेविकॉलने बसविली. फेविकॉल वाळल्यावर पारदर्शक होतो, वाफ सोडत नाही, आणि चुकलेच तर ओल्या फडक्याने पुसता येतो. काचेच्या भागांना दुसरे काहीही लावू नये.

रंगाने आमचा श्रावण खाल्ला. पिवळा रंग मुळात झाकणारा नसतो. खालचा रंग त्यातून डोकावतो. म्हणून आधी पांढरा प्रायमर, मग पिवळ्याचे तीन-चार पातळ हात, प्रत्येक हातानंतर पुरेसे वाळविणे, आणि शेवटी मास्किंग टेप लावून तांबडा. फिका आधी, गडद नंतर, हा क्रम उलटला तर पश्चात्तापाखेरीज हाती काही लागत नाही. शिवाय डब्यातील पिवळा जसाच्या तसा लावला तर लहान वस्तूवर तो भडक दिसतो, कारण दुरून पाहिलेल्या मोठ्या वस्तूचा रंग हवेमुळे थोडा फिका झालेला असतो. त्यात चिमूटभर पांढरा मिसळावा. पावसाळ्यात चमकदार वार्निश मारू नये, हे आम्ही वार्निश मारल्यानंतर शिकलो : दमट हवेत त्यावर दुधाळ झाक चढली आणि तो हात घासून काढावा लागला. अक्षरे व चिन्हे पाण्यात भिजवून सरकवावयाच्या डिकलवर असतात. ती चमकदार पृष्ठावरच लावावीत, खरबरीत पृष्ठावर त्यांच्याखाली हवा अडकून रुपेरी डाग दिसतात. इंजिनांमागील काजळी आम्ही शिसपेन्सिलीची पूड बोटाने पसरून केली. तळावरील रंग मुद्दाम थोडा उडालेला दाखविला, कारण जे विमान दिवसभर पाण्याला पोट घासते त्याचा तळ नवा कोरा राहू शकत नाही. हे काही मुलांना रुचले नाही. इतक्या कष्टाने रंगविलेले पुन्हा खराब का करावयाचे, हा त्यांचा प्रश्न आम्हांला अगदी अयोग्यही वाटला नाही.

अशा रीतीने काम चालू असतानाच, पंख नुकते धडाला जोडले गेले होते तेव्हा, २५ जुलै २०२३ रोजी ग्रीसमध्ये अपघात झाला. त्या उन्हाळ्यात ग्रीसमध्ये सर्वत्र वणवे पेटले होते. एव्हिया बेटाच्या दक्षिणेस कारिस्तोसजवळ ग्रीक हवाई दलाच्या एका सीएल-२१५ विमानाने आगीवर पाणी सोडले, आणि लगेच ते डोंगरउतारावर कोसळले. पंखाचे टोक झाडाला लागल्याचे चित्रफितीत दिसते. दोन्ही वैमानिक गेले. एक ३४ वर्षांचा, दुसरा २७ वर्षांचा. ती चित्रफीत मुलांनी आमच्या आधी पाहिली होती. शनिवारी वर्ग भरला तेव्हा विमान टेबलावर होते आणि कोणी त्याला हात लावला नाही.

मग एका मुलाने सुचविले की, आपण फ्रान्सची चिन्हे लावू नयेत. त्या पडलेल्या विमानाचा क्रमांक आपल्या विमानावर रंगवावा. पुष्कळांना हे पटले. आम्हांलाही क्षणभर पटले. तेवढ्यात नववीतील एका मुलीने विमान उलटे केले आणि पोटाची दारे मोजून दाखविली. चार. पडलेले विमान दोन दारांचे होते. त्याची इंजिने गोल तोंडाची, पंखे तीन पात्यांचे. आपल्या विमानाच्या पंखांच्या टोकांना उभे पदर आहेत, ते त्याला नव्हते. "हे ते विमान नाही," ती म्हणाली, "मग त्याचे नाव याला कसे द्यायचे?" दारे बुजवून, पदर कापून, इंजिने नवी कोरून थोरल्याचे रूप धाकट्याला देता येईल काय, यावर तासभर वाद झाला. कसबी माणसे असे करतात. आमच्या हातात तेवढे कसब नव्हते. अखेर फ्रान्सचीच चिन्हे कायम राहिली. पण ज्याने पहिली सूचना केली होती तो मुलगा नाराजच राहिला, आणि आजही आमच्याशी बोलताना तो म्हणतो की, श्रद्धांजलीला दारे मोजावी लागत नाहीत. त्याचे म्हणणे आम्ही खोडून काढू शकलेलो नाही. तरीही प्रतिकृतीपुरता निर्णय त्या मुलीचाच योग्य होता असे आमचे मत आहे.

त्या अपघाताने दुसरा एक प्रश्न उभा केला, तो उंचीचा. विमान उडत असताना दाखवावयाचे हे आधीच ठरले होते. त्यामुळे चाके वर, पंख्यांची पाती काढून त्यांच्या जागी जुन्या ओएचपीच्या पारदर्शक कागदाच्या चकत्या. पण जमिनीपासून किती वर? पाणी टाकताना हे विमान साधारण तीस-चाळीस मीटरवर असते. फार उंचावरून टाकलेले पाणी वाऱ्यावर विखुरते व उष्णतेने वाफ होऊन जाते. फार खालून टाकले तर खाली काम करणाऱ्यांवर ते शब्दशः कोसळते, कारण सहा टन वजन असते ते. तीस मीटर धरले तर आमच्या मापात ४२ सेंटिमीटर. पंधरा मीटरचे पाइनचे झाड २१ सेंटिमीटर. म्हणजे झाडाचा शेंडा आणि विमानाचे पोट यांत केवळ एक वीत अंतर उरते.

हे अंतर मुलांना खोटे वाटले. सळी लहान कापली गेली असावी अशी त्यांची समजूत झाली. मग पुन्हा फळा. वळण घेताना विमान तीस अंश कलले, तर खालच्या बाजूच्या पंखाचे टोक सात मीटरने खाली येते, प्रतिकृतीत दहा सेंटिमीटरने. त्याच वेळी समोर डोंगर असेल आणि तो दर चार मीटरला एक मीटर चढत असेल, तर तीस मीटरची उंची एकशेवीस मीटरच्या प्रवासात संपते. ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगाला त्यासाठी दोन सेकंदांहून थोडाच अधिक वेळ लागतो. या दोन सेकंदांत पाणी सोडावयाचे, सहा टनांनी एकाएकी हलके झालेले विमान सावरावयाचे, धुरातून वाट काढावयाची आणि वळावयाचे. एका विद्यार्थ्याने सुचविले, आपण सळी थोडी लांब करू, म्हणजे विमान सुखरूप दिसेल. आम्ही यावर मतदान घेतले नाही. माप मतदानाने ठरत नाही, एवढेच म्हणालो. सळी ४२ सेंटिमीटरचीच राहिली.

पाणी दाखविण्यासाठी कापूस वापरला. पहिल्या प्रयत्नात तो पोटाच्या दारांपासून सरळ खाली सोडला होता, बादली उपडी केल्यासारखा. चित्रफिती पुन्हा पाहिल्यावर चूक उमगली. सुटताना पाण्याला विमानाचाच पुढचा वेग असतो. हवा नसती तर ते पडता पडताही विमानाच्या बरोबर खाली धावत राहिले असते. पण हवा त्याला फोडते, अडविते, तुषार करते. त्यामुळे पाण्याचे डोके पुढे ओढलेले, दाट, आणि शेपूट मागे पसरत विरळ होत गेलेले दिसते. नववीच्या विज्ञानातील गतीचे प्रकरण येथे कापसात शिकविले गेले. फुलविलेला कापूस पारदर्शक नायलॉनच्या दोऱ्यावर ओढून, वर किंचित केसांचा स्प्रे मारला की तो आकार धरून ठेवतो.

खालच्या रानात आम्ही दोन डझन माणसेही उभी केली आहेत; पाहुण्यांच्या नजरेस ती सहसा येत नाहीत, कारण त्यांची उंची अडीच सेंटिमीटरपेक्षाही कमी आहे. ती तेथे असणे आवश्यक होते. वणवा अखेर विझवितात ते जमिनीवरील लोक; विमान ज्वाळांचा जोर मोडून त्यांना वेळ मिळवून देते. आपल्याकडे तर हे अधिकच खरे आहे. सह्याद्रीच्या उतारांवर फाल्गुन-चैत्रात गवत पेटते तेव्हा वनकर्मचारी आणि गावकरी ओल्या फांद्यांनी झोडपून ते विझवितात. त्याआधी हिवाळ्यात जाळरेषा काढून ठेवलेल्या असतात. विद्यार्थ्यांपैकी तिघांनी आपल्या गावी हे काम प्रत्यक्ष केलेले होते, आणि माणसांच्या हातात फावडी व फांद्या कशा धराव्यात हे त्यांनीच सांगितले. भारतात आकाशातून पाणी टाकण्याचे काम हवाई दलाची एमआय-१७ हेलिकॉप्टरे करतात, खाली टांगलेल्या 'बांबी बकेट' नावाच्या घडी होणाऱ्या बादलीने. नागालँड-मणिपूर सीमेवरील झुकू खोऱ्यात जानेवारी २०२१ मध्ये, राजस्थानात सरिस्का येथे मार्च २०२२ मध्ये, आणि नैनितालच्या जंगलात एप्रिल २०२४ मध्ये ती वापरली गेली. नैनितालला पाणी भीमतालमधून उचलले होते. आपल्याकडे सीएल-४१५ का नाही, असे पालक विचारतात. एक कारण आमच्या हिशोबातच आहे : उतरणे, पाणी घेणे आणि पुन्हा वर चढणे यांसाठी त्याला सुमारे तेराशे मीटरची मोकळी वाट लागते, आणि डोंगरांनी वेढलेल्या तलावावर ती मिळणे कठीण. हेलिकॉप्टर जागच्या जागी थांबून बादली बुडवू शकते. कोयनेच्या शिवसागरावर लांबीची अडचण नाही, हे आमच्या साताऱ्याच्या विद्यार्थ्याने अभिमानाने निदर्शनास आणून दिले, त्याची येथे नोंद करतो.

काम संपले असे समजून आम्ही स्वस्थ बसलो होतो, तोच जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यावर काम करणाऱ्या क्युबेकच्या एका सीएल-४१५ ला कोणा हौशी माणसाचा ड्रोन धडकला. पंखाला मुठीएवढे भोक पडले. विमान सुखरूप उतरले, पण दुरुस्तीसाठी काही दिवस जमिनीवर राहिले, आणि आग मात्र थांबलेली नव्हती. आता दहावीत गेलेली जुनी मंडळी लगेच आली : आपल्या पंखाला ते भोक पाडू या काय? मोजून पाहिले, मोहरीच्या दाण्याएवढे होईल. पण आपले विमान फ्रान्सचे आहे, हे त्यांचे त्यांनाच आठवले आणि ती मंडळी हसत परत गेली.

कपाटाविषयी एक खुलासा. विमान ठेवण्याच्या दिवशी असे आढळले की, कपाटाच्या दोन कप्प्यांतील अंतर चाळीस सेंटिमीटर आहे, आणि आम्हांला शेपटीच्या टोकापर्यंत पंचावन्न हवे आहेत. सुतारकाका करवत घेऊनच आले होते. सळी पंधरा सेंटिमीटरने कापतो, कोणाला कळणारही नाही, असे ते म्हणाले. मुले सळीभोवती उभी राहिली आणि बाजूला होईनात. शेवटी काकांनी वरची फळीच काढली. तिच्यावर मांडलेल्या कबड्डीच्या ढाली सध्या मुख्याध्यापकांच्या खोलीत आहेत; त्या पाहण्यासाठी आलेल्या माजी खेळाडूंनी कृपया तेथे विचारावे.